विजयदुर्गाच्या दोन अमावास्या

भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान डोळ्यांसमोर आणा आणि त्यातला १८ तारखेचा चौकोन शोधा. एखाद्या वर्षी तिथे एकादशी पडते, एखाद्या वर्षी गोकुळाष्टमी आसपास असते. एरवी नुसता वार, आणि खाली दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती मोकळी जागा. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी वसलेल्या विजयदुर्ग गावाला मात्र हा चौकोन मोकळा ठेवता येत नाही. त्या दिवशी किल्ल्यावर शाळेची मुलं येतात, शिक्षक येतात, आकाशाचा नाद लागलेली माणसं लांबून एसटीनं येतात. भाषणं होतात. जागतिक हेलियम दिन असतो. वर पाऊस, पायाखाली शेवाळ, तटावर गुडघाभर गवत, आणि तरीही लोक जमतात. एका वायूसाठी!

आज या एका चौकोनावर मन टेकवून बसायचं आहे. घाई करू नका. मधेच वाचन थांबवून खिडकीबाहेर पाहावंसं वाटलं तर खुशाल पाहा, पुढे त्याचा उपयोगच होणार आहे.

गाव सांगतं ती गोष्ट अशी. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. ते पाहायला नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विजयदुर्गाला आला. किल्ल्यावर त्यानं ओटे बांधून घेतले, त्यांवर दुर्बिणी रोवल्या. झाकलेल्या सूर्याच्या कडेच्या प्रकाशात त्याला एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, आणि जगाला हेलियम सापडला. ते ओटे अजून आहेत. किल्ला दाखवणारा माणूस खलबतखाना दाखवतो, तट दाखवतो, समुद्रात बुडालेल्या भिंतीबद्दल सांगतो आणि मग तुम्हाला ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी नेतो.

मनानं तिथे जाऊन बसा. तळव्याखाली दगड येऊ द्या. तीन बाजूंनी समुद्र आहे, वारा थेट तोंडावर येतो. आता एक साधा प्रश्न विचारायचा आहे, आवाज न चढवता. त्या सकाळी लॉकियर कुठे होते?

इंग्लंडात होते. १८६८ साली ते लंडनला युद्धखात्यात कारकून होते. सूर्य हा त्यांचा नोकरीबाहेरचा ध्यास. प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारा वर्णपटदर्शक त्यांनी बनवायला टाकला होता, तो हातात पडायला उशीर झाला. अखेर २० ऑक्टोबर १८६८ ला, म्हणजे ग्रहण उलटून दोन महिने झाल्यावर, इंग्लंडातल्याच उजळ सूर्याच्या कडेवर त्यांनी तो रोखला आणि ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहता येतो हे दाखवलं. गावाच्या गोष्टीतला साहेब त्या दिवशी गावात नव्हता.

हे कळल्यावर मनात काय उठतं तेवढं बघा. कुणाला गंमत वाटेल, सापडली चूक! कुणा देवगडकराला राग येईल आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जे उठेल ते उठू द्या, थोड्या वेळानं आपोआप बसेल. आपण ओट्यावरून उठायचं कारण नाही, कारण ओटे खोटे नाहीत.

साहेबाला तूर्त बाजूला करू आणि १८६८ ची ती सकाळ नुसती गावाची म्हणून पाहू.

मंगळवार. श्रावणातली अमावास्या. नारळी पौर्णिमेला पंधरवडा झालेला, समुद्राला नारळ मिळालेला, तरी दर्याचा भरवसा अजून आलेला नाही. गाबितांच्या काही होड्या उतरल्या असतील, काही शाकारलेल्याच असतील. श्रावण अमावास्या म्हणजे पिठोरी. सूर्यग्रहण लागतं ते अमावास्या सरता सरता, आणि हे ग्रहण सकाळचं. तेव्हा तिथी सकाळीच संपत आलेली असणार आणि संध्याकाळी करायचं पिठोरीचं पूजन आदल्या दिवशीच उरकलेलं असणार. आदली संध्याकाळ डोळ्यांसमोर येते का? आई खांद्यावरून मागे वाण धरते, ‘अतीत कोण?’ विचारते, मागे उभं असलेलं पोर ‘मी आहे’ म्हणतं. खीर-पुरी घाईनं खाऊन होते, कारण सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. मग पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान, लोणच्याच्या बरणीत तुळशीचं पान. पोटुशी सून आतल्या खोलीत, विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. चूल थंड.

सकाळी, घड्याळात नवाच्या सुमाराला, सावली आली. ती एडनच्या बाजूनं निघाली होती आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून इथे पोहोचली. श्रावणातलं आभाळ, तेव्हा सूर्य दिसला असेलच असं नाही. पण खग्रासाचा अंधार ढगांना जुमानत नाही. ढग असतील तर तो उलट जास्तच दाट येतो, कुणी वरून झाकण ठेवावं तसा. ज्यानं आयुष्यात अमावास्येची रात्र समुद्रावर काढली आहे त्या तांडेलालाही दिवसाढवळ्या असा अंधार माहीत नव्हता. काही मिनिटं तो राहिला. हे ग्रहण लांबलचक होतं. सयामच्या आखातात त्याची खग्रास स्थिती ६ मिनिटं ४७ सेकंदांपर्यंत गेली. मग उजेड परतला, आणि ‘दे दान सुटे गिराण’ म्हणत दारोदार फिरणाऱ्यांच्या झोळीत तांदूळ पडले.

इथे जरा थांबा. ती मिनिटं नुसती धरून ठेवा. त्यांत साहेब नाही, दुर्बीण नाही, शोध नाही. गाव मात्र आहे.

नावाजलेले निरीक्षक त्या सकाळी घाटापलीकडे, पूर्वेला होते. जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शल पळत्या ढगांच्या फटींतून सूर्य पकडत होते. त्यांना तीन रेषा ठसठशीत दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. वनपर्तीला मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी होते. गुंटूरला फ्रान्सचे जूल जानसेन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे प्रमुख पॉग्सन. जानसेन यांना त्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून पाहिलं. त्यांचं पत्र आणि लॉकियर यांचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं. पुढे फ्रान्सनं दोघांचे चेहरे एका पदकावर शेजारी शेजारी कोरले. वैज्ञानिकांची भांडणं ठाऊक असलेल्यांना हे पदक अधूनमधून आठवावं.

मग हेलियम कोणत्या दिवशी सापडला? पिवळी रेषा त्या सकाळी अनेकांनी पाहिली, पण आधी तिला सोडियमची समजलं गेलं. ती सोडियमच्या जोडरेषेपासून किंचित बाजूला आहे हे हळूहळू पक्कं झालं. लॉकियर यांनी म्हटलं की, पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य सूर्यावर आहे, आणि त्यावर कित्येक वर्षं रसायनशास्त्रज्ञ मान हलवत राहिले. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू बाहेर काढला, तेव्हा कुठे वाद मिटला. यात १८ ऑगस्ट आहे, २० ऑक्टोबर आहे, मधली सत्तावीस वर्षं आहेत. कॅलेंडरचा एक चौकोन एवढं पोटात घेऊ शकत नाही. तरी आपल्याला चौकोन हवा असतो. गोष्टीला टांगायला खुंटी लागते.

खिडकीबाहेर पाहायचं राहिलं असेल तर आता पाहा. ऊन असेल तर उत्तम. सूर्याच्या कडेला पेटलेल्या वायूंचा तो पिवळा प्रकाश १८६८ च्या सकाळीच तेवढा पृथ्वीवर आला असं नाही. तो रोज येतो. आत्ता तुमच्या फरशीवर पडलेल्या उन्हातही त्याचा अंश आहे. सूर्याच्या मुख्य तेजात तो हरवलेला असतो इतकंच. चंद्र मधे येऊन ते तेज अडवतो, तेव्हा कडेचा हा झिरमिरीत प्रकाश सुटा पाहता येतो. त्या मंगळवारी विजयदुर्गावर ढगांनी जितकी वाट दिली असेल तितका तोही पडला. ओल्या कौलांवर पडला, शाकारलेल्या होड्यांवर पडला.

आता ओट्यांकडे.

लॉकियर विजयदुर्गाला खरंच आले होते. तारीख वेगळी होती, शतकही जवळपास सरलं होतं. शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. मधल्या तीस वर्षांत कारकुनाचा सर नॉर्मन लॉकियर झाला होता, वय ६१. ‘नेचर’ साप्ताहिक त्यांनी सुरू केलं त्यालाही अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती. ते एकटे आले नाहीत. ‘मेल्पोमेनी’ ही ब्रिटिश आरमाराची लढाऊ नौका बंदराबाहेर येऊन उभी राहिली आणि तिचे अधिकारी व खलाशी ग्रहणाच्या कामाला जुंपले गेले. कलकत्त्याहून रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर आले. या वेधांचा अहवाल पुढे रॉयल सोसायटीनं छापला, त्यावर लॉकियर आणि पेडलर यांच्याबरोबर नौकेचे कप्तान चिझम-बॅटन यांचंही नाव आहे, आणि शीर्षकात विजयदुर्ग आहे, इंग्रजी वळणानं लिहिलेलं. प्रिझम लावलेल्या जड कॅमेऱ्यांना न हलणारा, सपाट, पक्का पाया लागतो. त्यामुळे साहेबाचे ओटे या जानेवारीचे आहेत असं मी मानतो.

हा दिवस निवांत पाहण्यासारखा आहे, म्हणून तो पंचांगाच्या पाच टप्प्यांनी पाहू. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. दुर्बिणीपाशी बसलेला माणूसही हेच पाच क्षण टिपतो. त्याच्या वहीत नावं वेगळी असतात.

स्पर्शाच्या आधी पुष्कळ दिवसांची तयारी होती. आरमाराच्या माणसांना तोफा चालवायची सवय असते ती कवायतीची, आणि लॉकियर यांनी तिचाच उपयोग केला. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत, दुसऱ्या नौकेच्या माणसांबरोबर, त्यांनी ही रीत वापरून पाहिली होती. प्रत्येकाला एकच काम. एकानं सेकंद मोठ्यानं मोजायचे, एकानं फोटोच्या काचा बदलायच्या, काहींनी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, काहींनी आकाशाचा रंग आणि दिसणारे तारे नोंदवायचे. पुन्हा पुन्हा सराव. शेवटी खऱ्या वेळी कुणी वर बघत राहू नये हा त्यामागचा हेतू! खग्रास सूर्य प्रथमच पाहणाऱ्या माणसाचे हात थांबतात, तोंड उघडं राहतं, आणि दोन मिनिटं निघून जातात. या ग्रहणात दोनच मिनिटं होती, काही सेकंदांच्या फरकानं.

तटाखालच्या गावात त्याच वेळी दुसरी तयारी चालली होती. ग्रहण दुपारचं, तेव्हा वेध मध्यरात्रीपासून. मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं सोडून सगळ्यांना उपास. जानेवारीत समुद्र शांत असतो, आंब्याला मोहोर असतो, हवेत त्याचा उग्र गोड वास असतो. आणि त्या वर्षी त्या हवेत भीतीही होती. मुंबईत प्लेग शिरून दुसरं वर्ष चालू होतं, आणि कोकणातलं कुठलं घर असं होतं ज्याचं माणूस मुंबईत नव्हतं? गावाला ग्रहणाची काळजी होती की पत्राची, हे त्या दिवशीच्या घरांनाच माहीत.

स्पर्श. सूर्याच्या कडेला चंद्राची पहिली खाच पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, काजळी धरलेल्या काचेतून दिसते. तटावर काच, गावात स्नान. समुद्र पायाशी असताना तांब्यानं कशाला अंघोळ करायची? किनाऱ्यावर माणसं पाण्यात उतरतात, कुणी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप करतं. पुढच्या तासाभरात वरून फारसं काही बदललेलं वाटत नाही. या तासात डोळे मिटून पाहा, उन्हाचा चटका कमी होत जातो तो आधी कातडीला कळतो. मग सावल्यांच्या कडा धारदार होतात. माडाच्या झापांतून खाली जे कवडसे पडतात ते गोल न राहता कोयरीसारखे, मग चंद्रकोरीसारखे होतात. विज्ञानाला हे दिसायला ओटा लागत नाही, खळ्यातली सारवलेली जमीन पुरते.

संमीलन. सावली समुद्रावरून येते. उंचावर असणाऱ्याला ती येताना दिसते. पश्चिमेचं क्षितिज आधी काळवंडतं, मग काळोख पाण्यावरून धावत येतो, त्याच्या वेगाला वारा नाही आणि आवाज नाही. शेवटचा प्रकाशबिंदू विझतो. ज्या एका सेकंदात सूर्याच्या कडेचा लालसर थर उघडा पडतो, त्याच सेकंदाच्या काचा लॉकियर यांना हव्या होत्या. त्या थराच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा असतात. १८९८ पर्यंत हा वायू प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झाली होती, आता त्याला कुणी परका म्हणत नव्हतं. तेव्हा विजयदुर्गाचा आणि हेलियमच्या रेषांचा संबंध या दुपारी खरोखरच जुळला. शोधाचा नव्हे, ओळख पटलेल्याला पुन्हा भेटण्याचा.

मध्य. इथे बोलण्यासारखं काही नसतं. काळा गोळा, भोवती मोत्याच्या रंगाचं तेज, दुपारी बारा-साडेबाराला सूर्याजवळ चमकणारी चांदणी, आणि चहूबाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ. मोजणारा खलाशी सेकंद ओरडतो आहे. खाली घराघरात दारं लावून बसलेल्यांना फटीतून येणारा उजेड गेल्याचं तेवढं कळतं. दोन तऱ्हेची माणसं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आपापलं रोजचं काम पूर्ण थांबवून याच एका गोष्टीकडे लक्ष लावून आहेत. एकजण वर पाहतो कारण त्याला प्रमाण हवं आहे, दुसरा पाहत नाही कारण त्याला मान राखायचा आहे. यांतला एक शहाणा आणि दुसरा अडाणी असं शाळेत शिकवलं जातं. त्या शिकवणीत तथ्य आहे, पण तटाखालच्या माणसालाही वेळ अचूक कळलेली होती. ती कुणीतरी बसून, आकडेमोड करून काढली होती.

त्या आकडेमोडीची गोष्ट याच किनाऱ्यावर येऊन मिळते. जुन्या करणग्रंथांवरून केलेलं पंचांग आणि आकाश यांच्यात काही घटकांचा फरक पडू लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवी कोष्टकं करून तो मिटवायचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकातच सुरू केला होता. त्याच प्रश्नाला आयुष्य वाहणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, म्हणजे समुद्राकाठचेच. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ ला आला. या ग्रहणानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, ते गेले. आणि घाटावर, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, याच सावलीच्या पट्ट्यात पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं रोवून बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचीही तुकडी तिथेच होती. म्हणजे वर पाहणारे सगळे साहेबच होते असंही नाही.

उन्मीलन. एका बिंदूतून प्रकाश फुटतो. कावळे गोंधळून परत उठतात. तटावरची मोजणी थांबते, आणि मला वाटतं ज्यांनी दोन मिनिटं काचाच बदलल्या त्यांनी आता वर पाहिलं असेल, उशिरा.

मोक्ष. पुन्हा स्नान, मग चूल. तासाभरानं गावात भाताला आधण आलं.

श्वास घ्या. पाचही टप्पे झाले.

आता हा प्रश्न उरतो. ज्या दिवशी सगळं प्रत्यक्ष घडलं, साहेब आला, ओटे झाले, लढाऊ जहाज उभं राहिलं, तो २२ जानेवारीचा चौकोन मोकळा आणि १८ ऑगस्टचा भरलेला, असं का? माझा अंदाज असा. ओटे होते, साहेबाचं नाव लोकांच्या तोंडी होतं, ग्रहण आठवत होतं. लॉकियर हे नाव ज्ञानकोशात शोधलं की शेजारी हेलियम सापडतो आणि हेलियमशेजारी १८६८. एवढं हाती लागल्यावर कोण थांबेल? जगाच्या पुस्तकात १८९८ च्या जानेवारीला मथळा नाही. त्या दिवशी पुष्कळ चांगले फोटो निघाले, नवं मूलद्रव्य निघालं नाही. शिवाय लॉकियर यांच्या आयुष्यात समुद्राकाठचा आणखी एक किल्ला आहे. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला ते केरळात कासरगोडजवळच्या बेकल किल्ल्यावर होते. ग्रहण, किल्ला, समुद्र आणि साहेब. स्मृतीनं तीन तारखा एका दोऱ्यात ओवल्या आणि सगळ्यांत वजनदार मणी पुढे आणला.

याला खोटेपणा म्हणू नये. पण ‘चालायचंच’ म्हणून सोडूनही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी तारीख अंगावर घेतल्यानं गावाची स्वतःची तारीख बुजली, हे नुकसान गावाचंच झालं. विजयदुर्गाला इतिहासाची वाण नाही. शिलाहार भोजाचा किल्ला, १६५३ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, आंग्र्यांच्या काळात सगळ्या समुद्रावर त्याचा दरारा, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजी आरमारानं याच बंदरात आंग्र्यांची गलबतं जाळली. त्याच पाण्यात १४२ वर्षांनी त्याच आरमाराची नौका तोफा गप्प ठेवून उभी राहते आणि तिचे खलाशी सूर्य मोजतात. हे दृश्य उसन्या शोधापेक्षा मोठं आहे. आणि ते खरं आहे.

ऑगस्टचा चौकोनही पुसायला नको. त्या दिवशी सावली गावावरून गेली होतीच. साहेब नसला म्हणून पिठोरीच्या दुसऱ्या सकाळचा तो अंधार कमी झाला नाही. कुणी शिक्षक १८ ऑगस्टला किल्ल्यावर मुलांसमोर उभे राहतील तेव्हा त्यांना सांगता येईल, पोरांनो, तुमच्या गावावर तीस वर्षांच्या आत दोनदा भर दिवसा रात्र झाली. पहिल्या वेळी तुमच्या पणजीच्या पणजीनं दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी इथे, या दगडावर, एक खलाशी सेकंद मोजत होता. आणि मग त्यांना सेकंद मोजायला लावावं, १२० पर्यंत, डोळे मिटून. एवढा वेळ होता. भाषणापेक्षा हे मुलांच्या लक्षात राहील. आपणही मोजू शकतो. आत्ता मोजा, अर्ध्यावरच चुळबूळ सुरू होते की नाही ते पाहा.

मोजून झालं असेल तर कॅलेंडरकडे परत या, पण पान पुढच्या काळातलं हवं. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावास्या, दिव्यांची, शिवाय सोमवती. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. पूर्ण सावली इजिप्तवरून आणि अरबस्तानावरून जाईल, पश्चिम किनाऱ्याला दुपार कलल्यावर खंडग्रास मिळेल. सूर्य तेव्हा समुद्राच्या अंगाला झुकलेला असेल. किल्ल्यावर त्या दुपारी कुणी जाणार असेल तर ग्रहणाचा खास चष्मा बरोबर न्यावा, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, आणि छत्रीही घ्यावी. ऑगस्ट आहे, ढगांचा नेम नाही.